वॅक्सहॉमधले तीन दिवस

शुक्रवार

लेकीचं घर शार्लटला. तिथून दक्षिणेला गाडीने पाऊण-एक तासावर वॅक्सहॉ नावाचं छोटंसं गाव आहे. पलीकडे लगेच साउथ कॅरोलायनाची हद्द लागते. गावाच्या मधोमध रेल्वेचा रूळ, त्यावरून पायी जायचा पूल आणि दोन्ही बाजूंना विटांच्या जुन्या इमारती. अमेरिकेचे सातवे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन १७६७ साली याच मुलखात जन्मले. नेमके कुठल्या कॅरोलायनात, यावर दोन्ही राज्यांचा अजून वाद आहे, असं जावयांनी गाडीत सांगितलं. आम्ही मात्र आलो होतो ते जार्ससाठी.

जार्स म्हणजे जंगल एव्हिएशन अँड रेडिओ सर्व्हिस. ही १९४८ सालापासूनची ख्रिस्ती संस्था. जिथे रस्ता पोचत नाही अशा ठिकाणी राहून बायबलचं भाषांतर करणाऱ्यांना विमान, रेडिओ, बोट असं लागेल ते पुरवायचं, हे तिचं काम. वैमानिक आणि मेकॅनिक इथेच तयार होतात आणि मग दूरदेशी जातात. शनिवारी सगळं आवार लोकांसाठी खुलं राहणार असल्याचं लेकीला कळलं होतं. "पपा, येताय का विमानं बघायला?" असं तिने विचारायचा अवकाश, हे बूट घालून तयार! ओझरच्या एचएएलमध्ये ३४ वर्षं गेली ह्यांची. मिग-२१ पासून सुखोईपर्यंत सगळी विमानं हातांखालून गेली. निवृत्त झाल्यापासून आकाशात आवाज आला की मान वर जाते, ती अजून तशीच जाते.

मला ओढ होती ती त्याच आवारातल्या अक्षरांच्या संग्रहालयाची, म्हणून आम्ही एक दिवस आधीच आलो.

संग्रहालय मोठं नाही, पण आत गेल्यावर पाय निघत नाही. जगभरच्या लिप्या तिथे ओळीने मांडल्या आहेत. मी सर्वांत जास्त वेळ थांबले ती सिक्वोयापाशी. हा चेरोकी माणूस चांदीचं काम करायचा. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं. गोऱ्यांची 'बोलणारी पानं' मात्र त्याने पाहिली होती, आणि १८२१ साली त्याने आपल्या भाषेसाठी स्वतःच अक्षरमाला पुरी केली. एका उच्चाराला एक खूण, अशा ऐंशीच्या वर खुणा. काही वर्षांतच त्याचे लोक त्यात पत्रं लिहू लागले, वर्तमानपत्र काढू लागले.

भारतीय लिप्यांपाशी देवनागरी दिसली आणि माझा हात आपोआप पिशवीत गेला. पिशवीत आजीचा नवा करार होता, पंडिता रमाबाईंच्या भाषांतराचा. जिथे जाते तिथे तो बरोबर असतो.

आजी रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात वाढली. १९१८ च्या साथीत तिचे आईबाप गेले. कुणीतरी तिला केडगावला आणून सोडलं, तेव्हा ती दहाएक वर्षांची होती. सदनाचा स्वतःचा छापखाना होता आणि तो बायकाच चालवायच्या. मोठ्या मुली अक्षरांचे खिळे जुळवायच्या, आजीसारख्या लहान मुली छापून आलेल्या फर्म्यांना, म्हणजे पानांच्या मोठ्या कागदांना, घड्या घालायच्या. घडी एका रेघेनेही चुकता कामा नये, नाहीतर पानं मागेपुढे होतात, असं ती सांगायची. रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, त्यातून भाषांतर करत राहिल्या, वर्षानुवर्षं. खेड्यातल्या बाईला कळेल अशी साधी मराठी हवी, हा त्यांचा हट्ट होता. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. संपूर्ण बायबल बाहेर आलं ते १९२४ साली. आजीने त्यातल्या किती फर्म्यांना घड्या घातल्या असतील, देव जाणे. म्हातारपणीसुद्धा वर्तमानपत्र वाचून झालं की ते नखाने घडी दाबून ठेवायची सवय तिची गेली नव्हती.

संग्रहालयात माहिती सांगायला एक आजीबाई बसल्या होत्या. पांढरे केस, पायात कापडी बूट. त्यांची उमेदीची वर्षं पापुआ न्यू गिनीत गेलेली. त्या एका देशात ८०० हून अधिक भाषा आहेत. "तुझ्या हातातलं पुस्तक कुठल्या भाषेतलं?" असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आजीची गोष्टही सांगितली. लेक मध्ये इंग्रजी करून देत होती. त्या म्हणाल्या, "मग थोडं वाच ना."

मी लूकच्या १५ व्या अध्यायातला हरवलेल्या मुलाचा दाखला वाचला. त्यांना एक शब्दही कळला नसणार. पण डोळे मिटून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग त्यांनी मला 'ळ' पुन्हा म्हणायला लावला. दोनदा, तीनदा. माझ्या तोंडाकडे बघत त्यांनी स्वतः जीभ मागे वळवून पाहिली आणि तिसऱ्या वेळी त्यांना तो जमला. नवी भाषा लिहायची तर आधी अशी कानाने आणि जिभेने शिकावी लागते, असं त्या म्हणाल्या. कुठला आवाज वेगळा, कुठल्या दोन आवाजांना एकच अक्षर पुरेल, स्वर चढला तर अर्थ बदलतो का, हे ठरवण्यातच वर्षं जातात. आणि लोकांनी ते अक्षर आपलं मानलं नाही, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

संध्याकाळी मुक्कामावर आलो तरी माझ्या कानात त्यांचा तो 'ळ' होता.

शनिवार

सकाळी नऊलाच पोचलो. पाइनच्या झाडांमधून रस्ता आत जातो आणि एकदम धावपट्टी समोर येते. गवतावर दव होतं. गावातली कुटुंबं लहान मुलांना खांद्यावर घेऊन आली होती, चर्चच्या बसगाड्या लागल्या होत्या. मुलांसाठी दोरीवरचा झुलता पूल होता, चिखलातून जाणाऱ्या जीपची फेरी होती. नातवाला हे सगळं हवं होतं आणि वर विमानाची फेरीसुद्धा. म्हणून आधी त्या फेरीसाठी नाव नोंदवलं. तिथे एकेकाला काट्यावर उभं केलं. पर्स, कॅमेरा, माझी पिशवी, सगळ्यासकट. नातवाला गंमत वाटली. काट्यापाशी बसलेल्या बाईंनी प्रत्येक आकडा पेन्सिलीने नीट लिहिला, बेरीज केली, मग तीच बेरीज खालून वर पुन्हा केली. ह्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली.

फेरीला वेळ होता, म्हणून हँगरमध्ये गेलो. पुढचे दोन तास हे कुठे होते ते विचारायची गरजच नव्हती.

सुरुवातीलाच एक जुनं विमान उभं होतं, हेलिओ कुरिअर. १९४९ साली पहिल्यांदा उडालेल्या जातीतलं. दिसायला साधं. नाक वर, शेपटीखाली चाक. पण ह्यांनी पंखाची पुढची कड दाखवली. पंखापासून सुटी अशी एक लांब पट्टी तिथे पुढे आलेली होती. "हिला स्लॅट म्हणतात," हे नातवाला सांगू लागले. उभ्या असलेल्या मेकॅनिकला खुणेनेच विचारून ह्यांनी तळहाताने ती पट्टी आत ढकलली. ती सरकत गेली आणि पंखात बसली. हात काढल्याबरोबर आपल्या वजनाने पुन्हा बाहेर आली. मोटार नाही, दांडा नाही. विमान वेगात असलं की हवाच तिला आत दाबून ठेवते. वेग कमी झाला, नाक वर गेलं की ती आपोआप पुढे येते आणि पंखाची पकड सुटू देत नाही. त्यामुळे हे विमान ताशी ५० किलोमीटरच्या आसपास वेगानेही ताब्यात राहतं. आपली एसटी घाट उतरते तो वेग! नातवाने ती पट्टी स्वतः चार वेळा ढकलून पाहिली. मेकॅनिक हसत उभा होता. त्याने फोडून सांगितलं की केबिनभोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा आहे. पंख तुटले, शेपूट तुटली तरी माणसं बसतात ती खोली शाबूत राहावी म्हणून.

अशी विमानं ह्या लोकांना का हवी झाली, याचीही गोष्ट आहे. संस्थेचे संस्थापक कॅमेरॉन टाउनसेंड १९१७ साली ग्वाटेमालात स्पॅनिश बायबलं विकत फिरत होते. तिथल्या काक्चिकेल लोकांना स्पॅनिश धड येत नव्हतं. "तुमचा देव एवढा शहाणा, तर त्याला आमची भाषा कशी येत नाही?" असं त्यांना एकाने विचारलं, असं सांगतात. टाउनसेंड तिथेच राहिले, भाषा शिकले आणि १९३१ साली काक्चिकेलमधला नवा करार छापून आला. पुढे १९४७ साली ते मेक्सिकोतल्या चियापासच्या जंगलातून पत्नी आणि तान्ह्या मुलीसह छोट्या विमानाने निघाले. उड्डाण होताच विमान कोसळलं. त्यांचा पाय मोडला, पत्नीचा घोटा जवळजवळ तुटला, बाळ मात्र सुखरूप राहिलं. जखमी अवस्थेत पडल्या पडल्या त्यांनी अवशेषांचे फोटो काढून घ्यायला सांगितलं. जंगलात उडायचं तर त्यासाठी तयार झालेले वैमानिक आणि नीट राखलेली विमानं हवीत, हे लोकांना दाखवायचं होतं त्यांना. त्या अपघातानंतर पुढच्याच वर्षी जार्स उभी राहिली.

हँगरच्या दुसऱ्या टोकाला एक नुसती खुर्ची ठेवली होती. विमानातली, तिचे पाय इंग्रजी एस अक्षरासारखे वळवलेले. बाजूला दाबल्या गेलेल्या पायांची दुसरी खुर्ची. विमान आपटलं की हे पाय हळूहळू चेपत जातात आणि मणक्यावर येणारा धक्का स्वतः खातात. मी त्या वाकलेल्या पायांवरून बोट फिरवलं. कुणाच्या तरी पाठीचा कणा वाचावा म्हणून कुणीतरी हे लोखंड कितीदा आपटून पाहिलं असेल.

मग कोडियाक. हे मोठं, दहा जणांचं, पुढे टर्बाइन इंजिन. आयडाहोतल्या सँडपॉइंटला ते तयार झालं. अशा सेवेसाठी उडणाऱ्या संस्थांनी ते हवं म्हणून आधीपासून पाठबळ दिलं होतं. २००४ साली पहिलं उड्डाण, २००७ साली परवाना. पूर्ण भार घेऊनही ३०० मीटरच्या आत ते जमीन सोडतं. नातवाने विचारलं, जुनी विमानं चांगली होती तर हे कशाला? त्याचं उत्तर ह्यांनाच ठाऊक होतं. जुन्या विमानांना खास पेट्रोल लागतं. ते दुर्गम देशांत मिळत नाही, मिळालं तर परवडत नाही. हे चालतं जेट इंधनावर, म्हणजे आपल्या रॉकेलच्या भावंडावर, आणि ते जगात कुठेही मिळतं. "आजोबा, म्हणजे स्टोव्हचं?" "तसंच समज," हे म्हणाले.

तिथे एका वैमानिकाने छोट्या नमुन्यावर डोंगरातली धावपट्टी समजावली. पट्टी उतारावर असते. उतरायचं ते चढाच्या दिशेने, उडायचं ते उताराच्या दिशेने. समोर डोंगर, मागे दरी. उतरताना एक ठिकाण असं येतं की त्याच्या पुढे गेल्यावर परत वर उचलता येत नाही, उतरावंच लागतं. त्याच्या आधीच वैमानिकाने मनात ठरवलेलं असतं, उतरायचं की फिरायचं. दुपारी ऊन चढलं की हवा विरळ होते, पंखांना कमी धरते आणि इंजिनही थकतं. म्हणून अशा ठिकाणी सकाळीच उडतात आणि भारही कमी घेतात. दोन पोती तांदूळ खाली ठेवायचं म्हणजे वर कुणाची तरी आठवड्याची शिधा राहते, हे त्यांना ठाऊक असतं. तरी ठेवतात.

पण मला सांगायचं आहे ते एका तारेबद्दल. एका इंजिनावरचं झाकण काढून ठेवलं होतं. हे वाकून आत बघत होते, बराच वेळ. मग मला हाताने जवळ बोलावलं. "अगं, हे बघ." दोन बोल्टांच्या डोक्यांना भोकं होती आणि त्यांतून एक बारीक तार पिळून ओवली होती. "लॉकवायर. विमानात सगळं थरथरतं, नट सैल व्हायला बघतात. ही तार अशी बांधायची की एक बोल्ट सुटायला लागला तर तारेने दुसऱ्याला घट्ट करायच्या बाजूला ओढलं पाहिजे. उलटी बांधली तर बांधली काय, न बांधली काय." पीळ एकसारखा होता, जणू केसांची बारीक वेणी. टोक आतल्या बाजूला वळवलेलं, कुणाच्या हाताला लागू नये म्हणून. हे तिथल्या मेकॅनिकशी बोलू लागले. ह्यांचं इंग्रजी जेमतेम, त्याला मराठी येण्याचा प्रश्नच नाही. पण दोघांची बोटं हवेत तार पिळत होती आणि दोघांना एकमेकांचं सगळं कळत होतं. भिंतीवर हत्यारांचा फळा होता, प्रत्येक पान्यामागे त्याच्याच आकाराची काळी सावली रंगवलेली. पाना जागेवर नसला की सावली लगेच ओरडते. "ओझरलाही असंच," हे म्हणाले. "शिफ्ट संपली की हत्यारं मोजायची. एक कमी पडलं तर कुणी घरी जायचं नाही. ते विमानात राहिलंय असंच धरायचं."

जेवताना गवतावर सतरंजी टाकून बसलो. जावई आमच्या मंडळीतले नाहीत, देशस्थ घरातले आहेत. मनात आलं ते सरळ विचारतात, आणि म्हणूनच मला आवडतात. "आई, राग मानू नका," ते म्हणाले, "पण ह्या लोकांना जंगलात कुणी बोलावलं होतं?"

प्रश्न खरा आहे. मी झटकला नाही. १९५६ च्या ८ जानेवारीला एक्वादोरमध्ये कुरारे नदीकाठी पाच तरुण अमेरिकन भाल्यांनी मारले गेले. त्यांना घेऊन गेलेला नेट सेंट हा दुसऱ्या एका मिशन विमानसेवेचा वैमानिक. तिथल्या वाओरानी आदिवासींनी त्यांना बोलावलं नव्हतं. दोनच वर्षांनी नेटची बहीण रेचल आणि मेलेल्यांपैकी एकाची विधवा एलिझाबेथ एलियट त्याच लोकांत जाऊन राहिल्या, त्यांची भाषा शिकल्या. ही क्षमा मला नेहमी हलवून टाकते. पण बाहेरच्या जगाबरोबर तेलकंपन्या आणि रोगराईही आत येतात, हे मलाही दिसतं. माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावाने त्यांचं पाणी तोडलं होतं. कुणाच्या घरात नवा शब्द नेला की काय काय मोडतं, ते आमच्या घरात ठाऊक आहे. मी जावयांना एवढंच म्हणाले, की दुसऱ्याच्या भाषेत ऐकलेलं माणूस मुकाट मान्य करतो, आपल्या भाषेत वाचता आलं तर नाही म्हणायचीही सोय होते. ते थोडा वेळ गप्प राहिले. "अर्धं पटलं," म्हणाले. अर्ध्यावर आम्ही दोघांनी जेवण संपवलं.

दुपारी अडीचला आमच्या फेरीची पाळी होती. दोनच्या सुमारास झाडांचे शेंडे हलायला लागले. विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, आधी धावपट्टीच्या रेषेत होता, तो आडवा फिरला आणि फडफडू लागला. आमच्या आधीचं विमान उतरलं. वैमानिक बाहेर आला, विंडसॉककडे बघत काही क्षण उभा राहिला आणि आत जाऊन आला. आजच्या फेऱ्या थांबवल्या आहेत, पैसे परत मिळतील, असं त्यांनी कळवलं. सकाळपासून रांगेत असलेली किती मुलं होती! नातवाचा चेहरा पडला, डोळ्यांत पाणी आलं. आकाश तर निळंभोर होतं.

तो वैमानिक स्वतः रांगेपाशी आला. नातवासमोर गुडघ्यावर बसला, त्याच्याच उंचीचा झाला आणि बोटाने विंडसॉक दाखवला. वारा असा बाजूने जोरात आला की उतरताना विमान ढकललं जातं. मी कदाचित उतरवीनही. पण तुम्ही गंमत म्हणून आला आहात, आणि गंमतीसाठी 'कदाचित' चालत नाही. तिकडे एखादी बाळंतीण अडलेली असते तेव्हाही मी हेच बघतो आणि कधी कधी तिलाही थांबवावं लागतं. हे त्याने शांतपणे सांगितलं. लेकीने मराठी केलं तेव्हा तिचाही आवाज जरा ओला झाला.

३४ वर्षं विमानांत हात घालूनही पुढच्या उजव्या सीटवर बसून उडायचं ह्यांचं राहिलेलं होतं. आज ते होणार होतं. ह्यांनी पुढे होऊन त्या वैमानिकाचा हात दोन्ही हातांत धरला. "करेक्ट," म्हणाले. "व्हेरी करेक्ट." आणि नातवाला खांद्याशी धरून झुलत्या पुलाकडे घेऊन गेले.

रविवार

सकाळची उपासना गावातल्या एका चर्चमध्ये केली. भजनाची चाल ओळखीची निघाली, मी ओठांत मराठी शब्द म्हणत राहिले. शेजारच्या बाईंनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं, मग माझे ओठ वेगळं काही म्हणताहेत हे बघून हसून परत घेतलं.

निघण्याआधी पुन्हा आवारात एक फेरी मारली. सगळं सामसूम, कालची गर्दी जणू नव्हतीच. टाउनसेंड १९८२ साली गेले, त्यांची कबर इथेच आहे. दगडावर त्यांचा निरोप कोरलेला आहे. प्रेमाने एकमेकांची सेवा करा, काम पुरं करा, प्रत्येक भाषेत शास्त्र न्या, असा. खाली सही 'अंकल कॅम'. मी पिशवीतून आजीचं पुस्तक काढलं आणि थोडा वेळ हातात धरून उभी राहिले. वारा पडला होता. काल असा पडला असता तर, असं वाटून गेलं. मग हे मागून आले आणि आम्ही गाडीकडे चालू लागलो.

घरी पोचल्यावर लेक चहा टाकत होती. जेवणाच्या टेबलावर ह्यांनी लाकडाच्या तुकड्यात दोन बोल्ट बसवले होते. जावयांच्या पेटीतून घेतलेल्या बोल्टांच्या डोक्यांना ड्रिलने भोकं पाडली होती. नातवाच्या हातात बारीक तार आणि पक्कड. जीभ दातांत धरून तो पीळ घालत होता. बराच वेळाने त्याने टोक आत वळवलं आणि पुढे केलं. ह्यांनी चष्मा वर करून पाहिलं.

"पीळ छान आहे. पण बघ, हा सुटला तर त्याला कुठल्या बाजूला ओढेल?"

नातवाने बोल्ट बोटाने फिरवून पाहिला. "उलट्या."

त्याने तार कापली, तुकडे मोजून डबीत टाकले आणि नवीन तार ओवायला घेतली.